रंगलेलीं टोंकें आणि झांकलेलीं मुळें

केसांचा रंग हा विषय या मासिकाच्या पानांस शोभण्यासारखा आहे काय, अशी शंका आमच्या कांहीं वाचकांच्या मनांत येईल. काव्य, इतिहास आणि समाजशास्त्र यांची चर्चा सोडून एखाद्या प्राध्यापकानें न्हाणीघरांत डोकवावें, हें त्यांस रुचणार नाहीं. परंतु ज्या गोष्टीवरून घरोघरीं पानावर बसल्या बसल्या वाद होतात, जिच्यापायीं मुलींच्या डोळ्यांस पाणी येतें, आणि जिच्यावरून कित्येक शाळांत विद्यार्थिनींस वर्गाबाहेर उभें केलें जातें, ती गोष्ट क्षुल्लक म्हणून बाजूस सारतां येत नाहीं. शिवाय या वादांत आपल्या सुशिक्षित मध्यम वर्गाची एक जुनी खोड उघडी पडते. जेथें चौकशी करावयास पाहिजे तेथें आपण उपदेश करतों. आणि जेथें गप्प बसावयास पाहिजे तेथें संस्कृतीच्या नांवानें गळा काढतों.

प्रथम वस्तु काय आहे तें सांगितलें पाहिजे. कारण तिचा धिक्कार करणाऱ्यांपैकीं बऱ्याच जणांस ती ठाऊक नसते, असा आमचा अनुभव आहे. 'ओंब्रे' हा फ्रेंच शब्द आहे. एका छटेंतून दुसऱ्या छटेंत हळूहळू उतरत जाणारें, असा त्याचा अर्थ. केसांस लागण्यापूर्वीं हा शब्द कापडास लागत असे. गडद रंगापासून फिक्या रंगाकडे उतरत जाणारीं रेशमी वस्त्रें एकोणिसाव्या शतकांत युरोपांत या नांवानें ओळखलीं जात. केसांच्या बाबतींत त्याचा अर्थ असा कीं, मुळांशीं केस आपल्या मूळ रंगाचे राहूं द्यावयाचे, आणि मध्यापासून टोंकांपर्यंत ते क्रमाक्रमानें उजळ करावयाचे. पूर्वीं हें काम केशकर्तनालयांतील कसबी हातांचें होतें. २०१२ सालीं लॉरिआल या फ्रेंच कंपनीनें तें घरच्या घरीं करतां यावें म्हणून एक पेटी काढली. अशा पेट्यांत सामान्यतः केस उजळविण्याची पूड, हायड्रोजन पेरॉक्साइडचें दुधासारखें मिश्रण, एक लेप, एक दांतेरी कुंचला, हातमोजे आणि शेवटीं केसांस लावावयाचें मलम एवढ्या वस्तू असतात. मिश्रण कालवावयाचें, कुंचल्यानें टोंकांस लावावयाचें, ठराविक मिनिटें थांबावयाचें आणि धुवून टाकावयाचें. प्रकार एवढाच आहे.

या प्रकारावर जे आक्षेप आम्हीं व्याख्यानांतून, लग्नाच्या मांडवांतून आणि नातलगांच्या तोंडून ऐकले, ते सारे तीन वर्गांत बसतात. पहिला, हें आपल्या संस्कृतीस सोडून आहे. दुसरा, हें पाश्चात्त्यांचें आंधळें अनुकरण आहे. तिसरा, देवानें दिलेला रंग बदलणें हा खोटेपणा आहे. प्रकृतीस अपाय होईल, हा चवथा आक्षेप क्वचितच ऐकूं येतो. आणि ऐकूं आला तरी पहिल्या तिहींची पुरवणी म्हणून, त्यांना थोडें वजन यावें एवढ्यापुरताच. आमचें म्हणणें याच्या नेमकें उलट आहे. पहिले तीन आक्षेप कवडीमोलाचे आहेत; चवथा मात्र खरा आहे; आणि त्या तीन आक्षेपांच्या कोलाहलामुळेंच या एका खऱ्या प्रश्नाकडे कोणाचें लक्ष गेलेलें नाहीं. आतां एकेक मुद्दा घेऊं.

संस्कृतीचा कैवार घेणाऱ्यांनीं वराहमिहिराची 'बृहत्संहिता' एकदां उघडून पाहावी. सहाव्या शतकांतील हा थोर ज्योतिषी ग्रहांच्या गतीपासून भूमीखालील पाण्यापर्यंत अनेक विषयांचा विचार करतो. आणि सुगंधी द्रव्यांच्या प्रकरणाचा आरंभच तो पांढरे केस काळे करण्याच्या कृतीनें करतो. डोकें पांढरें झाल्यावर माळा, वस्त्रें आणि अलंकार यांची शोभा राहत नाहीं, असें तो निःसंकोचपणें सांगतो. मग कोद्रवाचे तांदूळ लोखंडाच्या भांड्यांत आंबट द्रवांत लोहचूर्णासह शिजवून, बारीक वाटून डोक्यास लावावे, वरून ओलीं पानें गुंडाळावीं, नेमलेला वेळ थांबावें, मग डोकें धुवून आंवळ्याचा दुसरा लेप द्यावा, अशी कृति तो पायरीपायरीनें देतो. मिश्रण, लेप, वेष्टन, वेळ आणि प्रक्षालन! पुठ्ठ्याची पेटी तेवढी नव्हती. बाकी सर्व सरंजाम होता. आणि ग्रंथ कशाला हवेत? मेंदीनें पिकल्या केसांचा शेंदरी मुकुट झालेली एखादी आत्या किंवा मावशी प्रत्येकाच्या कुळांत असते. तिच्या शेंदरी केसांनीं ज्या संस्कृतीस कधीं धक्का बसला नाहीं, ती संस्कृति नातीच्या तांबूस टोंकांनीं एकाएकीं कशी कोसळते, हें कोडें आम्हांस उलगडत नाहीं.

स्त्रीच्या केसांच्या संदर्भांत संस्कृतीचें नांव घेतांना महाराष्ट्रानें तर विशेष जपून बोलावें. ज्या समाजानें नवरा मेलेल्या बायकांच्या डोक्यांवर पिढ्यान् पिढ्या वस्तरा चालविला, त्या समाजास केसांच्या पावित्र्यावर प्रवचन करण्याचा अधिकार सहजासहजीं मिळत नाहीं. १८९० सालीं मुंबईंत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें नाभिक बंधूंची सभा भरली आणि विधवांच्या डोक्यांस वस्तरा लावावयाचा नाहीं असा त्यांनीं निश्चय केला. ज्यांच्या हातांत वस्तरा होता त्यांना लाज वाटली. ज्यांच्या हातांत पोथ्या होत्या त्यांतील बहुतेकांना ती वाटली नाहीं. आगरकरांनीं स्त्रियांनीं जाकिटें घालावीं एवढें लिहिलें, तरी गांवभर गहजब झाला. पार्वतीबाई आठवले यांनीं वपन सोडून केस वाढविले, तेव्हां त्यांना काय काय सोसावें लागलें असेल याची कल्पना आज कोणासही करतां येईल. ओंब्रेची आणि केशवपनाची तुलना करण्याचा आमचा हेतु नाहीं. एक घोर अन्याय होता. दुसरी साधी हौस आहे. परंतु दोहोंच्या मुळाशीं प्रश्न एकच आहे: या केसांवर सत्ता कोणाची? लोकांना काय वाटेल, घराण्याचें नांव काय होईल, लग्नाच्या बाजारांत काय बोललें जाईल, या तीन कारणांनीं तेव्हां वस्तरा चालला. आणि त्याच तीन कारणांनीं आज कुंचला अडविला जातो. कारणें बदललीं नाहींत, एवढेंच आम्हांस दाखवावयाचें आहे.

दुसरा आक्षेप अनुकरणाचा. या आक्षेपाचा विचार करण्यापूर्वीं आक्षेपकांनीं आपल्या घरांतील आरशाचें कपाट उघडावें. त्यांत महिन्याकांठीं लागणारी काळ्या कलपाची पुडी सांपडेल. ती कोठून आली? पॅराफेनिलिनडायमिन नांवाचें जें द्रव्य बहुतेक काळ्या कलपांचा आधार आहे, त्याचे रंजक गुण हॉफमान या जर्मन रसायनज्ञानें १८६३ च्या सुमारास अभ्यासिले. यूजेन शुएलेर या तरुण फ्रेंच रसायनज्ञानें १९०७ सालीं केसांचा कृत्रिम रंग तयार करून पॅरिसमधील केशरचनाकारांस विकावयास आरंभ केला. आणि त्याच उद्योगांतून पुढें वर सांगितलेली लॉरिआल कंपनी उभी राहिली. केस उजळविणारें हायड्रोजन पेरॉक्साइड तेनार या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८१८ सालींच शोधून काढलें होतें. म्हणजे वडिलांची पुडी आणि मुलीची पेटी या एकाच मुलुखांतील रसायनशाळांच्या लेकी आहेत. वडिलांनीं वापरली तर ती टापटीप, आणि मुलीनें वापरली तर तें अनुकरण, हा न्याय कोणत्या स्मृतींत लिहिला आहे?

येथें कोणी म्हणेल, आम्ही कलप लावीत नाहीं, आम्ही काळी मेंदी लावतों. ती स्वदेशी आणि वनस्पतिजन्य आहे. या भोळ्या समजुतीचाही निकाल लावणें अवश्य आहे. मेंदीच्या पानांत जें रंगद्रव्य आहे तें केसांस तांबूस-शेंदरी रंग देतें. नुसत्या मेंदीनें केस काळेभोर होऊं शकत नाहींत. मेंदी म्हणून घेतलेल्या पुडीनें अर्ध्या तासांत डोकें काजळासारखें होत असेल, तर तींत मेंदीखेरीज दुसरें कांहीं आहे हें निश्चित समजावें; आणि तें दुसरें कांहीं पुष्कळदां वर सांगितलेलें पॅराफेनिलिनडायमिनच असतें. पुडीवर हिरवें पान छापल्यानें आंतील द्रव्य वनस्पति होत नाहीं.

तिसरा आक्षेप खोटेपणाचा. हा आक्षेप अलीकडे एका सभेंत एका विद्वान् वक्त्यांनीं मोठ्या आवेशानें मांडला. निसर्गानें दिलेलें रूप लपविणें हा आत्मवंचनेचा प्रकार आहे, असें ते म्हणाले, आणि श्रोत्यांनीं टाळ्या वाजविल्या. वक्त्यांचें वय सत्तरीच्या पलीकडे असून त्यांच्या मस्तकावर एकही केस पांढरा नव्हता. आम्ही पहिल्या रांगेंत बसलों असल्यामुळें काळ्या रंगाची एक पुसट रेघ त्यांच्या कपाळावरही उतरली आहे, असें आम्हांस दिसलें. आम्ही त्यांचें नांव सांगत नाहीं, कारण असे वक्ते प्रत्येक गांवांत आहेत. आणि त्यांच्या कपाळावरील रेघेबद्दल आमची तक्रारही नाहीं. आमची तक्रार त्यांच्या तर्काबद्दल आहे. लपवाछपवी कोण करतें? ओंब्रे केलेल्या मुलीचीं मुळें काळींच असतात, आणि तीं काळीं दिसावींत हाच त्या प्रकाराचा विशेष आहे. केस रंगविले आहेत हें ती जगास उघड सांगते. याच्या उलट, काळ्या कलपाचें सारें यश तो कोणाच्या लक्षांत न येण्यांत आहे. १९५६ सालीं अमेरिकेंत केसांच्या रंगाची एक जाहिरात फार गाजली. ही बाई केस रंगविते कीं नाहीं, हें तिच्या केशरचनाकाराखेरीज कोणास कळणार नाहीं, अशी तिची भिस्त होती. म्हणजे त्या काळीं गुप्ततेचीच विक्री होत असे. आजची मुलगी ती गुप्तता विकत घेत नाहीं. खोटेपणाचा आरोप करावयाचाच असेल, तर तो टोंकांवर न करतां मुळांवर करावा लागेल. आणि मग आरोपीच्या पिंजऱ्यांत नातीऐवजीं आजोबा उभे दिसतील.

कलप लावणाऱ्यांचेही आम्ही वैरी नाहीं, हें येथें स्पष्ट केलें पाहिजे. ज्यास आपलें डोकें काळें ठेवावयाचें आहे त्यानें तें खुशाल ठेवावें. नोकरींत, व्यवसायांत, समारंभांत पांढऱ्या केसांस जी वागणूक मिळते ती पाहतां त्याला दोष देणें कठीण आहे. परंतु एकाच घरांत, एकाच आरशापुढें, एका हातानें स्वतःस कलप लावावयाचा आणि दुसऱ्या हातानें मुलीच्या पेटीवर बोट ठेवावयाचें, हें चालणार नाहीं.

असो. हे तीन आक्षेप दूर केल्यावर जो प्रश्न उरतो तोच खरा. ही पेटी केसांचें आणि कातडीचें करते काय? आम्ही रसायनशास्त्राचे अध्यापक नाहीं. परंतु तो विषय शिकविणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांस विचारून आणि जीं पुस्तकें मिळालीं तीं वाचून जें समजलें तें सांगतों. केस डोक्याच्या कातडीबाहेर आला कीं तो निर्जीव असतो. तो महिन्यास सुमारें एक सेंटिमीटर वाढतो. अर्थात् साठ सेंटिमीटर लांब केसाचें टोंक पांच वर्षांचें जुनें असतें. पांच वर्षांचें ऊन, तेल, साबण आणि फणी त्यानें सोसलेली असते. आणि ओंब्रेचा सारा मारा याच म्हाताऱ्या टोंकांवर होतो. पेटींतील क्षारयुक्त मिश्रणानें केस फुगतो, त्याच्या पृष्ठावरील खवले उचलले जातात, आणि पेरॉक्साइड आंत शिरून काळ्या रंगद्रव्याचा नाश करतें. तें करतांना केसास बळकटी देणारे गंधकाचे बंधही कांहीं प्रमाणांत तुटतात. म्हणून उजळविलेला केस खरखरीत होतो, आणि मिश्रण अधिक वेळ ठेवल्यास तुटूं लागतो.

दुसरी गोष्ट आपल्याकडील केसांच्या दृष्टीनें महत्त्वाची आहे. अत्यंत काळा केस एकदम सोनेरी होत नाहीं. रंगद्रव्य निघूं लागलें कीं तो आधीं तांबूस, मग नारिंगी आणि मग पिवळा होतो. पेटीवरील चित्रांतल्या बाईचे केस मुळांतच भुरे असतील, तर तिला सोनेरी टोंकें मिळण्यास जेवढा वेळ पुरतो, तेवढ्या वेळांत आपल्या मुलीस विटेचा रंग मिळतो. मग ती बिचारी घड्याळ विसरून मिश्रण तसेंच ठेवते, किंवा दुसऱ्या दिवशीं दुसरी पेटी फोडते. आणि अपाय होतो तो येथें. ही साधी माहिती तिला कोणी दिलेली नसते. संस्कृतीवर तासभर बोलणाऱ्या वडिलांस ती ठाऊक नसते, आणि पेटी विकणाऱ्यास ती सांगण्याची निकड नसते.

आमच्या पुतणीची हकीकत या ठिकाणीं सांगण्यासारखी आहे. ती महाविद्यालयांत शिकते. बुद्धिमान् आणि मनमिळाऊ मुलगी आहे. घरांत बोलणीं बसतील या भीतीनें तिनें एका रविवारीं, सारे बाहेर गेलेले पाहून, न्हाणीघराचें दार आंतून लावून घेतलें आणि पेटी फोडली. पुढच्या बटा आरशांत दिसत होत्या. त्या ठीक झाल्या. पाठीमागें मात्र हाताच्या अंदाजानें लेप लावावा लागला. कोठें तो दाट बसला, कोठें मुळीच बसला नाहीं. दाराबाहेर पावलें वाजलीं तेव्हां बाहेर यावयाचा धीर होईना, म्हणून ती नेमल्या वेळेपेक्षां बराच वेळ तशीच आंत बसून राहिली. मागचे केस ठिगळाठिगळांनीं नारिंगी झाले आणि टोंकें गवतासारखीं तुटूं लागलीं. शेवटीं चार बोटें केस कापावे लागले. तिची आजी, जिला ती सर्वांत भीत होती, सगळें पाहून एवढेंच म्हणाली, "अगं, मला सांगितलं असतंस तर मागची बाजू मी नसती का लावून दिली?"

या एका वाक्यांत आमच्या साऱ्या लेखाचें सार आहे, असें आम्हांस वाटतें. त्या मुलीचे केस पेटीनें जितके बिघडविले त्याहून अधिक बंद दारानें बिघडविले. आणि तें दार बंद करावयास आम्हीं वडील माणसांनींच लावलें. ज्या घरांत उघडपणें विचारतां येतें त्या घरांत मुलगी आधीं एक बट घेऊन पाहील, घड्याळाकडे लक्ष ठेवावयास बहिणीस बसवील, पाठीमागें लेप लावावयास आजीस बोलावील. ज्या घरांत उपदेश होतो त्या घरांत हीच गोष्ट चोरून, घाईनें आणि एकटीनें होते. उपदेशानें केस रंगविणें थांबत नाहीं. फक्त सावधगिरी थांबते.

आतां कातडीविषयीं. केसांच्या रंगांपैकीं, विशेषतः गडद रंगांपैकीं कित्येकांत असणारें पॅराफेनिलिनडायमिन कांहीं माणसांस सोसत नाहीं. कातडीस खाज सुटते, पुरळ उठतें, कधीं पापण्या आणि तोंड सुजतें. वर्षानुवर्षें लावणाऱ्यासही हें एकाएकीं होऊं शकतें. म्हणून आपल्या देशाच्या सौंदर्यप्रसाधनांच्या नियमावलींत अशा कलपांविषयीं एक सुज्ञ तरतूद आहे. वापरापूर्वीं कानामागें किंवा हाताच्या आंतल्या बाजूस थोडा कलप लावून चोवीस तास वाट पाहावी; प्रत्येक वेळीं, दर वापरापूर्वीं, ही परीक्षा करावी; भुंवयांस आणि पापण्यांस तो कधींही लावूं नये, कारण दृष्टि जाण्याचा धोका आहे; आणि हा इशारा इंग्रजींत तसाच स्थानिक भाषांत छापावा, असें तींत सांगितलें आहे. वाचकहो, आपल्यापैकीं किती जणांनीं ही चोवीस तासांची परीक्षा एकदां तरी केली आहे? रविवारीं सकाळीं चहाबरोबर कलप कालवून दुपारीं लग्नास जाणारे गृहस्थ ही परीक्षा केव्हां करतात? वास्तविक ओंब्रेचा लेप डोक्याच्या कातडीपासून दूर, टोंकांसच लावावयाचा असतो. कलप मात्र मुळांशीं, कातडीस चोळून, आणि महिन्यामहिन्यास लावला जातो. कातडीच्या दृष्टीनें पाहतां अधिक काळजी आजोबांनीं घ्यावयास पाहिजे. आणि घरांत ओरडा मात्र नातीच्या नांवानें होतो.

आम्हीं पेठेंतून आणलेल्या एका पेटींतील कागद उलगडून पाहिला. तो आठ घड्यांचा होता, आणि त्यावरील अक्षर आमच्या चष्म्यासही दाद देईना. त्यांत मराठीची एक ओळही आम्हांस आढळली नाहीं. आमची पुतणी इंग्रजी उत्तम वाचते. परंतु तिच्या घरीं काम करणाऱ्या बाईंच्या मुलीनेंही तीच पेटी घेतली, तर तिनें काय वाचावें? मराठीच्या अभिमानानें दुकानांच्या पाट्यांवरून रान उठविणाऱ्या आमच्या पुढाऱ्यांस आम्ही नम्रपणें सुचवितों कीं, पाटी इंग्रजींत असल्यानें कोणाच्या डोळ्यांस इजा होत नाहीं. इशारा इंग्रजींत असल्यानें होऊं शकते. भाषेचा अभिमान दाखवावयास याहून चांगली जागा कोणती?

आणखी एका वर्गाचें नांव या वादांत कोणीच घेत नाहीं. तो वर्ग म्हणजे दिवसभर दुसऱ्यांचे केस रंगविणाऱ्या कामगार स्त्रिया आणि पुरुष. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१० सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या बाबतींत एक महत्त्वाचा भेद केला आहे. स्वतःचे केस रंगविणाऱ्यांच्या बाबतींत पुरावा निर्णय करण्यास अपुरा आहे, असें ती म्हणते. परंतु केशकर्तनाचा व्यवसाय करणाऱ्यांस कामांत जो संपर्क घडतो तो बहुधा कर्करोगकारक आहे, अशा वर्गांत ती त्यास घालते. उजळविण्याच्या पुडींतील परसल्फेट क्षारांमुळें या कामगारांस दमा जडतो, हेंही वैद्यकास ठाऊक आहे. गल्लीच्या तोंडाशीं, एका खिडकीच्या खोलींत, हातमोजे न घालतां दिवसाला दहा डोकीं रंगविणारी जी मुलगी आहे, तिच्यासाठीं हवा, हातमोजे आणि माहिती मागणें हें संस्कृतीरक्षणाचें काम नव्हे काय? तिच्याबद्दल आम्हीं अजून एकही व्याख्यान ऐकलेलें नाहीं.

आम्ही पेटीची वकिली करीत आहों असा समज होऊं नये म्हणून दुसऱ्या बाजूसही दोन शब्द सुनावणें भाग आहे. जाहिरातींत केसांबरोबर स्वातंत्र्यही रंगवून विकलें जातें. पेटी घ्या, म्हणजे तुम्ही धीट व्हाल, स्वतंत्र व्हाल, जगावेगळ्या व्हाल! हें सारें थोतांड आहे. जिनें पेटी घेतली ती जितकी स्वतंत्र, तितकीच जिनें नाकारली तीही स्वतंत्र. सोनेरी टोंकांनीं कोणाची बुद्धि उजळत नाहीं, आणि काळ्याभोर वेणीनें कोणी मागासलेली ठरत नाहीं. मैत्रिणींनीं केलें म्हणून करणें आणि शेजाऱ्यांच्या भीतीनें न करणें, या दोन्हींत परतंत्रता सारखीच आहे. मुलींनीं हें ओळखावें. परंतु तें ओळखण्याची सवड त्यांना वडील माणसांनींच दिली पाहिजे. एका बाजूनें जाहिरात ओरडत असतां दुसऱ्या बाजूनें आपणही ओरडूं लागलों, तर तिला स्वतःचा विचार ऐकूं कसा यावा?

तात्पर्य, आमचें मागणें फार थोडें आहे. पेटी विकणाऱ्यांनीं इशारा आणि कृति ठळक मराठींत छापावी, आणि काळ्या केसांवर काय रंग येईल याचें खरें चित्र पेटीवर द्यावें. शाळा-महाविद्यालयांनीं रंगलेल्या केसांच्या मुलींस दाराशीं अडविण्याऐवजीं प्रयोगशाळेंत न्यावें. हायड्रोजन पेरॉक्साइडचें सूत्र पाठ करविणाऱ्या शिक्षकानें तें मुलीच्या केसांत काय करतें हेंही एका तासांत दाखवावें. तो तास त्या वर्गांतील कोणीही जन्मभर विसरणार नाहीं. मुलींनीं कागद वाचावा, आधीं एक बट रंगवून पाहावी, कातडीची परीक्षा करावी, आणि घड्याळाचा शब्द मोडूं नये. आणि वडील माणसांनीं, ज्यांत आम्हीही आलों, आपल्या कलपाच्या पुडीवरचा इशारा आधीं वाचावा व मग मुलीच्या पेटीवर बोलावें. ज्यास तेवढी तसदी घ्यावयाची नाहीं, त्याच्या तोंडीं संस्कृति हा शब्द शोभत नाहीं.

केस वाढतात, बिघडलेलें टोंक कापतां येतें, आणि वर्ष-दीड वर्षांत त्याची आठवणही राहत नाहीं. घरांत एकदां बंद झालेलें दार मात्र इतक्या सहजासहजीं उघडत नाहीं. तें बंद होऊं न देणें हें केसांचा रंग राखण्यापेक्षां कितीतरी अधिक महत्त्वाचें आहे, आणि तें सर्वस्वीं आपल्या हातीं आहे.